डॉ. हाफकीन आणि तुपाचा थेंब

परळच्या हाफकीन संस्थेचं नाव आपण ऐकलेलं असतं, पण त्या नावाचा एक माणूस होता हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वाल्देमार हाफकीन यांचा जन्म १८६० साली ओडेसाच्या ज्यू कुटुंबात झाला. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. १८९२ मध्ये कॉलऱ्याची लस त्यांनी आधी स्वतःलाच टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ती घेऊन हिंदुस्थानात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकीननी काम मांडलं. मटणाच्या रसात प्लेगचे जंतू सोडायचे आणि वर चक्क तुपाचे थेंब! त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे. मग उष्णता देऊन ते मारायचे, की झाली लस. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई परत स्वतःलाच. त्याच मार्चमध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. १८९८ ला आपल्या हुबळीत साथ आली, तेव्हा इथल्या हजारो लोकांनी ही लस घेतली.

ही तुपाची युक्ती विषाणूपुढे मात्र चालली नसती. प्लेगचा जंतू म्हणजे पूर्ण पेशी. खायला मिळालं की वाढतो. विषाणूला पेशीच नाही. प्रथिनाच्या वेष्टनात जनुकांचा मजकूर, बस्स. जिवंत पेशीत शिरल्याशिवाय त्याची दुसरी प्रत निघत नाही. १८९२ सालीच रशियात इवानोव्हस्कींना दिसलं, की तंबाखूच्या रोगट पानांचा रस जंतू अडवणाऱ्या गाळणीतून काढला तरी रोग लावतो. (निपाणीकरांनी लक्ष द्यावं!) आणि हुबळीत सुया टोचल्या जात होत्या त्याच १८९८ मध्ये हॉलंडच्या बायरिंकनी हा जंतूंहून वेगळाच प्रकार असल्याचं मांडलं.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकीनांवर आला. खरं तर बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तरी त्यांना बरीच वर्षं झुलवत ठेवलं, हा सरळ अन्याय होता. रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरून कलकत्त्याला परतले.

१९२५ मध्ये मुंबईच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. १९३० मध्ये लोझानला ते वारले. परळच्या त्याच आवारात पुढे पोलिओची, म्हणजे विषाणूच्या रोगाची लस तयार होऊ लागली.