हृदय मात्र मायदेशी



आपल्या गायकवृंदाला फ्रेडरिक शोपाँ हे नाव नवे नाही. पियानो शिकणाऱ्या मुलांना तर ते लवकरच भेटते. परंतु या संगीतकाराचे जवळजवळ अर्धे आयुष्य परदेशात गेले आणि तेथल्या निर्वासित बांधवांशी त्याने आपले नाते कधी तोडले नाही, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. म्हणून आज आम्ही त्याच्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

शोपाँचा जन्म १८१० साली पोलंडमधील वॉर्सा शहराजवळच्या एका खेड्यात झाला. वडील मूळचे फ्रान्सचे. तरुणपणी ते पोलंडला आले आणि फ्रेंच शिकवत तेथेच स्थायिक झाले. आई पोलिश, श्रद्धाळू. २३ एप्रिल १८१० रोजी ब्रोखुव गावच्या चर्चमध्ये बाळाचा बाप्तिस्मा झाला. शाळेत असताना हा मुलगा विद्यार्थ्यांच्या रविवारच्या मिस्सेला ऑर्गन वाजवीत असे.

वॉर्सा तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. नोव्हेंबर १८३० च्या आरंभी वीस वर्षांचा शोपाँ संगीतासाठी परदेशी निघाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस वॉर्सात उठाव झाला. सोबतचा मित्र तितुस लढण्यासाठी व्हिएन्नाहून माघारी वळला. शोपाँ प्रकृतीने नाजूक, तो मागे राहिला. सप्टेंबर १८३१ मध्ये उठाव चिरडला गेला. ती बातमी त्याला जर्मनीत स्टुटगार्ट येथे कळली. त्या वेळी त्याने रोजनिशीत देवालाच जाब विचारला आहे. मित्र लढत असताना आपण पियानोपुढे बसलो होतो, हे शल्य त्याला बोचत राहिले. मायभूमी त्याला पुन्हा कधीच दिसली नाही.

तो पॅरिसला पोहोचला. उठावानंतर हजारो पोलिश लोक फ्रान्समध्ये आश्रयाला आले होते. त्यांत सैनिक होते, कवी होते, सरदार होते. अनेकांच्या पोटापाण्याचीही सोय नव्हती. अशा लोकांनी १८३२ साली पॅरिसमध्ये काय स्थापन केले? एक साहित्य मंडळ! राजपुत्र आदाम चार्तोरिस्की त्याचे अध्यक्ष झाले. पोट रिकामे असताना साहित्य कशाला, असे कुणी विचारील. पण माणूस केवळ भाकरीने जगत नाही, हे आपण जाणतो. भूमी गेली तरी भाषा, गाणी, सण आणि प्रार्थना बरोबर नेता येतात. महाकवी मित्सक्येविच यांनी आपले ‘पान तादेउश’ हे दीर्घकाव्य पॅरिसमध्येच पूर्ण केले. १८३४ साली ते छापणारे प्रकाशक होते उठावात लढलेले अलेक्झांडर येवोवित्स्की. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

शोपाँ १८३३ साली त्या साहित्य मंडळाचा सभासद झाला. गर्दीसमोर वाजवायला त्याला मुळीच आवडत नसे. तरीही एप्रिल १८३५ मध्ये निर्वासितांच्या मदतीसाठी भरलेल्या मोठ्या मैफलीत तो वाजवायला बसला. पुढे चार्तोरिस्की कुटुंबाचा ‘ओतेल लाँबेर’ हा वाडा पॅरिसमधील पोलिश लोकांचे जणू माहेरघर झाला. तेथे संगीत होई, नृत्याचे समारंभ होत आणि गरिबांसाठी वस्तूंची विक्री होई. शोपाँचे तेथे जाणेयेणे होते. त्याच्या मझुर्का आणि पोलोनेझ या रचनांतून पोलंडचे लोकनृत्याचे ताल युरोपभर गेले.

तो संत नव्हता. लेखिका जॉर्ज सँड यांच्याबरोबर विवाहाविना त्याची बरीच वर्षे गेली. ख्रिस्तसभेच्या संस्कारांपासून तो दूर गेला. क्षयासारख्या दुखण्याने शरीर पोखरले होते. अशा अवस्थेत १६ नोव्हेंबर १८४८ रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये पोलिश निर्वासितांच्या मदतीसाठी समारंभ होता. शोपाँ अंथरुणातून उठून गेला आणि त्याने वाजवले. लोक नाचण्यात दंग होते, त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष नव्हते. जाहीररीत्या त्याने वाजवलेले ते अखेरचेच. ज्याला लढायला जाता आले नव्हते, त्याने आपल्यापाशी होते ते शेवटपर्यंत दिले.

पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये तो मृत्युशय्येवर होता. तेथे आले फादर येवोवित्स्की. होय, तेच प्रकाशक! ते आता धर्मगुरू झाले होते आणि शोपाँशी त्यांची जुनी ओळख होती. फादरांनी नंतर लिहिलेल्या पत्रावरून असे कळते की, आईला दुःख होऊ नये म्हणून संस्कारांविना मरण्याची शोपाँची इच्छा नव्हती. पण मनात विश्वास नसताना ते घेणेही त्याला पटत नव्हते. मित्र म्हणून तो मन मोकळे करायला तयार होता, कुमसार म्हणून नव्हे. १३ ऑक्टोबरला फादरांनी आपल्या मृत भावासाठी मिस्सा अर्पण केली आणि त्या भावाच्या नावे शोपाँकडे त्याच्या आत्म्याचीच भेट मागितली. शोपाँ विरघळला. त्याने कुमसार केले, पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारले, अंतिम अभ्यंगही घेतले. १७ ऑक्टोबर १८४९ च्या पहाटे तो प्रभूच्या घरी गेला.

त्याचा देह पॅरिसला पुरला आहे. हृदय मात्र बहीण लुडविका हिने गुप्तपणे वॉर्साला नेले. तेथील होली क्रॉस चर्चच्या खांबात ते आजही आहे आणि त्यावर मत्तयच्या शुभवर्तमानातील धन आणि हृदय यांविषयीच्या वचनाचा उल्लेख कोरलेला आहे.

आम्हांला या कथेत एक गोष्ट मोलाची वाटते. निर्वासितांच्या ज्या मेळ्याला शोपाँने आपले सूर दिले, त्याच मेळ्यातील एका माणसाने त्याला देवाकडे परत आणले. परमुलखात आपल्या भाषेत जमणे, गाणे, एकमेकांची विचारपूस करणे ही करमणूक नाही. त्या वाटेने देवही माणसाला शोधत येतो. आपल्यापैकी ज्यांची मुले दूर देशी आहेत, त्यांनी पुढच्या फोनवर त्यांना एवढे जरूर विचारावे : तू तिथे कुणाबरोबर प्रार्थना करतोस, कुणाबरोबर गातोस?