बालपणीचा परदेशवास : कै. दामोदर धर्मानंद कोसंबी

गोंदिया जिल्ह्यासारख्या दूरच्या भागांतूनही आता काही कुटुंबे मुलाबाळांसह परदेशी जातात. अजाण वयात मुलांना तेथे नेऊन काय साधते, असे विचारणाऱ्यांनी कै. दामोदर कोसंबी यांचे चरित्र अवश्य पाहावे.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद पाली भाषेचे व बौद्ध वाङ्‌मयाचे विख्यात पंडित. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे संपादन हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन विद्वानाच्या १८९९ मधील निधनाने अपुरे राहिले होते. त्या कार्यासाठी धर्मानंद प्रथम १९१० साली हार्वर्ड विद्यापीठात गेले, ते एकटेच. १९१८ साली मात्र त्यांनी कन्या माणिक व अकरा वर्षांचा दामोदर यांस बरोबर घेतले. पत्नी बाळाबाई धाकट्या मुलींसह मागे राहिल्या. या प्रवासाचे मोल प्रथम त्या माउलीने मोजले, हे चरित्रकारांनी विसरू नये.

दामोदर केंब्रिज गावच्या शाळेत जाऊ लागला. १९२२ साली वडील व भगिनी स्वदेशी परतले. पंधरा वर्षांचा मुलगा शिक्षण पुरे करण्यासाठी तेथेच राहिला. १९२४ साली शालेय शिक्षण संपवून तो मायदेशी आला, १९२६ साली पुन्हा हार्वर्डला गेला आणि १९२९ साली उच्च गुणवत्तेसह पदवीधर झाला. पुढे काशी व अलीगढ येथे अध्यापन, १९३३ पासून बारा वर्षे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि १९४६ ते १९६२ मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, असा त्यांचा क्रम झाला. येथवर पाहिले तर परदेशवासाचे फळ म्हणजे एक पदवी व गणिताची प्राध्यापकी, असेच कोणीही म्हणेल.

परंतु खरे फळ उशिरा पिकले. गणिताच्या आधारे प्राचीन नाण्यांची वजने अभ्यासता अभ्यासता ते इतिहासाकडे वळले. पुण्याभोवतीची रानेवने पायी तुडवून त्यांनी अश्मयुगीन हत्यारे वेचली, ग्रामदैवतांची ठाणी पाहिली. संस्कृतातही ते रमले व १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. बालवयात पित्याच्या ज्या पाठशोधनापायी त्यांना सातासमुद्रापार जावे लागले, त्याच पाठशोधनाची किंमत त्यांना चाळिशीत पुरती उमगली, असे आम्हांस वाटते.

धर्मानंदांनी ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला. 'विसुद्धिमग्ग' हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचा ४१वा खंड म्हणून १९५० साली प्रकाशित झाला. तो छापील ग्रंथ हाती घेणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्याच मालेचा पुढचा, ४२वा खंड १९५७ साली निघाला. तो विद्याकर या बौद्ध पंडिताने संकलित केलेला 'सुभाषितरत्नकोश', आणि व्ही. व्ही. गोखले यांच्यासह त्याचे संपादक होते दामोदर कोसंबी.