हंसाबाई सांगत होत्या...

येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा म्हणजे आमच्या लहानपणीचा वर्षातला सर्वांत मोठा सोहळा. जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. धाराशिव हे नाव सरकारी कागदावर यायला २०२३ साल उजाडावे लागले. देवीला निवद दाखवून झाला की आम्हा पोरांचे लक्ष तंबूच्या सिनेमाकडे. अशाच एका यात्रेत आई, चुलती आणि मावशीच्या मध्ये दाटीवाटीने बसून मी ‘सांगत्ये ऐका’ पाहिला. मला त्यातले फारसे कळले नाही. लक्षात राहिली ती पडद्यावरची करारी डोळ्यांची तमासगिरीण, आणि तिच्याकडे पाहताना तोंडाला पदर लावून बसलेली माझी आई.

आमच्या घरातल्या बायका तमाशाच्या फडाकडे कधी फिरकणे शक्यच नव्हते. तो पुरुषांचा प्रांत. पण तीच ढोलकी, तीच लावणी सिनेमात आली आणि तिला घरंदाजपणाचा परवाना मिळाला. मराठी घराघरांतल्या बायकांना तमाशातली बाई माणूस म्हणून पहिल्यांदा दिसली ती पडद्यावर, आणि ती दाखवणाऱ्यांत हंसा वाडकर हे नाव फार वरचे.

हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म मुंबईचा, २४ जानेवारी १९२३ चा. घराण्याची मुळे सावंतवाडीकडची, कलावंतांच्या घरातली. गाणे घरात होते, पण संसाराची ओढाताणही होती. म्हणून ज्या वयात मुली सागरगोट्या खेळतात त्या वयात, अवघ्या तेराव्या वर्षी, रतन ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटात नायिका झाली. साल होते १९३६. मुलगी सिनेमात गेली तर घराण्याचे नाव खराब होईल, म्हणून रतनची हंसा झाली आणि नात्यातल्या इंदिरा वाडकर यांचे आडनाव तिला लावले गेले. कमाई घराला हवी होती, नाव मात्र नको होते! त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची कुंडली मला या एका गोष्टीत दिसते.

लवकरच त्यांचे लग्न झाले. लग्नानंतर काम सोडावे, चार बायकांसारखा संसार करावा, ही त्यांची साधी इच्छा होती. ती पुरी झाली नाही. पती जगन्नाथ बांदरकर यांच्या घरातही चूल पेटायची ती त्यांच्याच कमाईवर. मग त्या काम करीत राहिल्या. १९३९ साली बॉम्बे टॉकीजचा ‘नवजीवन’, १९४१ साली प्रभातचा ‘संत सखू’, १९४७ साली राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’. जयराम शिलेदारांच्या रामजोशीसमोर त्यांनी उभी केलेली बया पाहिली की मराठी तमाशापटाची वाट तिथून सुरू झाली हे पटते. पुढे १९५० चा ‘पुढचं पाऊल’ आला. नाटकांतूनही त्यांनी भूमिका केल्या. १९५९ साली अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने तर कहर केला. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो सुमारे अडीच वर्षे चालला!

हे सारे मला कळले ते कॉलेजात असताना, गावच्या वाचनालयात मिळालेल्या एका पुस्तकातून. पुस्तकाचे नावही ‘सांगत्ये ऐका’च. हंसाबाईंनी आपली कहाणी सांगितली, तेव्हा तरुण पत्रकार असलेल्या अरुण साधूंनी ती शब्दांत उतरवली, ‘माणूस’मधून ती वाचकांसमोर आली आणि १९७० मध्ये राजहंस प्रकाशनाने तिचे पुस्तक केले. वाचता वाचता एका पानावर मी थबकले. तिथे माझाच मुलूख होता.

संसारातल्या भांडणांना आणि संशयाला विटून हंसाबाई एकदा घराबाहेर पडल्या आणि एका गृहस्थाबरोबर थेट मराठवाड्यातल्या आडगावी आल्या. त्या घरात आधीचे लग्न होते, माणसे होती, रीतिरिवाज होते. तिथे जवळजवळ तीन वर्षे महाराष्ट्राची ही नामवंत नटी घरातली आणखी एक बायको होऊन राहिली. आयुष्यभर हवा होता तो संसार मिळाला खरा, पण दाराबाहेर पाऊल टाकण्याची मुभा गेली.

तो वाडा मी पाहिलेला नाही, तरी मला तो ओळखीचा वाटला. मी तशाच एका वाड्यात वाढले. वर माळवद, दारातून आत शिरताच ढाळज. ढाळजेत पुरुषमाणसे बसलेली असली की सुनांनी तिकडे पाऊल टाकायचे नाही. कोणी मारीत नसे, उपाशी ठेवीत नसे. फक्त बाहेर जायचे असेल तर विचारावे लागे, आणि विचारायची सोय नसे.

‘संत सखू’ची कथा आमच्या भागात पोराबाळांनाही पाठ. पंढरीला निघालेल्या सखूला सासू बांधून ठेवते आणि विठ्ठल स्वतः तिच्या जागी उभा राहून तिला वारीला धाडतो. पडद्यावर ती सखू झालेल्या हंसाबाईंसाठी मात्र कोणी विठ्ठल आला नाही. अखेर पतीच त्यांना सोडवायला आले. आणि ज्या अधिकाऱ्यासमोर सुटकेचे कागदपत्र व्हायचे होते, त्यानेच त्यांच्यावर अत्याचार केला. हंसाबाईंनी हे लपवले नाही. स्वतःचे मद्यपान, स्वतःच्या चुका, काहीच झाकले नाही. कुणाकडे दयेची भीकही मागितली नाही.

पुस्तक निघाल्यावर वर्षभरातच, २३ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या अट्ठेचाळिसाव्या वर्षी त्या गेल्या. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी त्यांच्या जीवनावरून ‘भूमिका’ काढला आणि स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या वाड्याचे दार तेव्हा साऱ्या देशाने पाहिले.

‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटात गावच्या पाटलाचा अन्याय शेवटी तमाशाच्या बोर्डावरून चव्हाट्यावर येतो. तंबूतले पुरुष तेव्हा शिट्ट्या मारून दाद देत होते. त्याच बाईने स्वतःची हकीकत सांगितली, तेव्हा मात्र अनेकांनी फक्त चवीने चघळायचा मजकूर शोधला. आपल्या वाड्यांविषयी ती काय सांगते आहे, हे ऐकायचे राहून गेले.

पुढे एका दिवाळीला मी ती पाने आईला वाचून दाखवली. ती निवडत असलेले तांदूळ तसेच सुपात राहिले. वाचून संपले तेव्हा तिने हंसाबाईंविषयी काहीच विचारले नाही. त्या बाईला तर न्यायला माणूस आला, मग तिच्या आधीपासून त्या घरात असलेल्या बाईचे पुढे काय झाले, एवढेच तिने विचारले.

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आई पुन्हा तांदूळ निवडू लागली.