सबुरीचे धनी : कार्डिनल आगोस्तीनो कासारोली



या पानावर आपण बहुधा संतांची चरित्रे वाचतो. आज आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत, त्यांना कुणी संत घोषित केलेले नाही. उलट त्यांच्या हयातीत ख्रिस्तसभेतल्याच अनेक भल्या माणसांनी त्यांना नावे ठेवली. ज्यांनी आपल्या बिशपांना तुरुंगात घातले त्यांच्याशीच हे हस्तांदोलन करतात, अशी ती तक्रार होती. कार्डिनल आगोस्तीनो कासारोली हे त्यांचे नाव.

२४ नोव्हेंबर १९१४ रोजी उत्तर इटलीतल्या कास्तेल सान जोव्हान्नी या गावी त्यांचा जन्म झाला. वडील शिंपी होते. १९३७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १९४० साली ते व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयात रुजू झाले. पुढची वीस वर्षे कागदपत्रांत आणि टाचण-टिपणांत गेली. १९६१ मध्ये परराष्ट्र व्यवहार विभागात त्यांना अवर सचिवाचे पद मिळाले, तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपात कम्युनिस्ट सरकारे आली होती. मठ बंद झाले, बिशप कैदेत पडले, कित्येक धर्मप्रांत बिशपाविना राहिले. बिशप नाही तर गुरुदीक्षा नाही, धर्मगुरू नाही तर मिस्सा नाही, पापनिवेदन नाही. एक पिढी अशी गेली तर पुढच्या पिढीत श्रद्धा उरेल कशी? पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ साली कासारोलींना बुडापेस्ट आणि प्राग येथे पाठवले ते याच चिंतेने. मिळेल तेवढे पदरात पाडून घ्यायचे, नाही मिळाले तर पुन्हा जायचे, असे ते काम होते.

बुडापेस्टमध्ये त्यांची भेट कार्डिनल योझेफ मिंडसेंटी यांच्याशी झाली. मिंडसेंटींना १९४८ च्या नाताळात अटक झाली होती. त्यांचा छळ झाला, जन्मठेप झाली. १९५६ च्या उठावात ते सुटले आणि उठाव चिरडला गेला तेव्हा त्यांनी अमेरिकेच्या वकिलातीत आश्रय घेतला. तिथे ते पंधरा वर्षे राहिले. हंगेरीच्या सरकारशी कसलीही बोलणी करू नयेत, या मताचे ते होते. कासारोली मात्र बोलत राहिले. सप्टेंबर १९६४ मध्ये करार झाला आणि नवे बिशप नेमता आले. १९७१ मध्ये मिंडसेंटी देश सोडून बाहेर पडले. १९७४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्यांचे आर्चबिशपपद रिक्त झाल्याचे जाहीर केले. राजीनामा द्यायला त्यांनी नकार दिला होता. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात त्यांचे निधन झाले.

इथे आमचे मन अडखळते. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात दोन वाइटांपैकी कमी वाइटाची निवड हा धडा आम्ही पाठ केला होता. परीक्षेत तो सोपा गेला. पण छळ सोसलेल्या एका वृद्ध कार्डिनलांच्या समोर बसून तो धडा कसा सांगायचा? करारानंतर आलेल्या बिशपांपैकी काही जण सरकारला फारच सोयीचे निघाले, हेही खरे. तरीही हंगेरीतल्या गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना साक्रामेंत मिळत राहावेत म्हणून कुणीतरी त्या टेबलापाशी बसणे भाग होते, असे आम्हाला वाटते. मिंडसेंटींचे दुःख त्यामुळे हलके होत नाही.

१ ऑगस्ट १९७५ रोजी हेलसिंकी येथे पस्तीस राष्ट्रांनी एका दस्तऐवजावर सह्या केल्या. व्हॅटिकनच्या वतीने सही कासारोलींची होती. त्यात धर्मस्वातंत्र्याचा शब्द लिहिला गेला आणि त्याखाली सोव्हिएत संघाचीही सही होती. पुढे त्या देशांतले लोक आपल्याच सरकारांना तो कागद दाखवू लागले.

१९७८ मध्ये पोलंडचे कार्डिनल वोयतिवा पोप झाले. कम्युनिस्ट राजवट त्यांनी स्वतः भोगलेली. आता कासारोलींचे दिवस भरले, असे पुष्कळांना वाटले असेल. पण पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली त्यांनाच कार्डिनल केले आणि राज्य सचिव, म्हणजे पोप महाशयांच्या खालोखालचे पद दिले. एकाने जाहीरपणे गर्जायचे, दुसऱ्याने बंद दाराआड बोलायचे, अशी ती जोडी अकरा वर्षे टिकली. अर्जेंटिना आणि चिली यांच्यात समुद्रहद्दीवरून पेटू घातलेले युद्ध व्हॅटिकनच्या मध्यस्थीने टळले. १९८४ साली तो तहही त्यांच्याच कारकिर्दीत झाला. जून १९८८ मध्ये मॉस्कोत त्यांनी पोप महाशयांचे पत्र गोर्बाचेव्ह यांच्या हाती दिले. १ डिसेंबर १९८९ रोजी गोर्बाचेव्ह स्वतः व्हॅटिकनमध्ये आले. बरोबर एक वर्षाने, १ डिसेंबर १९९० रोजी, कासारोली निवृत्त झाले.

आता आम्हाला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट. राष्ट्रप्रमुखांत वावरणारा हा माणूस अनेक वर्षे रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात नियमाने जात असे. चोरीमारीत सापडलेली ती पोरे. ती त्यांना डॉन आगोस्तीनो म्हणत, म्हणजे आपल्याकडे फादर म्हणतात तसे. पोप जॉन यांच्या अखेरच्या दिवसांत कासारोली आपल्या कामगिरीचा वृत्तांत सांगायला गेले होते. निघताना पोप महाशयांनी विचारले की त्या मुलांकडे अजून जाता ना? जातो म्हटल्यावर, त्यांना कधी सोडू नका असे बजावले. कासारोलींनी कार्डिनल झाल्यावरही त्यांना सोडले नाही.

९ जून १९९८ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक २००० साली निघाले. सबुरीचे हौतात्म्य, असा त्याच्या इटालियन नावाचा अर्थ होतो. ज्या तुरुंगात ते जात, त्या कासाल देल मार्मो येथे २८ मार्च २०१३ रोजी, पवित्र गुरुवारी, नुकतेच निवडून आलेले पोप फ्रान्सिस गेले आणि त्यांनी तिथल्या बारा मुलामुलींचे पाय धुतले.