अमेरिकेत पोस्टडॉक केलं आणि मुंबईत प्रयोगशाळा उभी केली, त्या कमल रणदिवे

८ नोव्हेंबर २०२१ ला गुगल उघडलं असेल, तर सूक्ष्मदर्शक घेतलेल्या एका बाईंचं डूडल तुम्ही पाहिलं असेल. त्या डॉ. कमल रणदिवे. त्या दिवशी त्यांची १०४ वी जयंती होती.

माहेरच्या त्या समर्थ, पुण्याच्या. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. लेकीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, असं त्यांच्या मनात होतं. हुजूरपागेत शिकलेल्या कमलताईंनी यातलं काहीच केलं नाही. वनस्पतिशास्त्र घेतलं, १९३९ साली लग्न केलं ते गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी. एमएस्सीचा विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी.

सीताफळाचा आणि कॅन्सरचा काय संबंध? संबंध पेशीचा. लग्नानंतर त्या मुंबईत आल्या, टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम करू लागल्या आणि १९४९ मध्ये पीएचडी झाल्या. पुढे काय? खानोलकरांनी सुचवलं, पोस्टडॉकसाठी अमेरिकेला जा.

पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतर एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेत काही वर्षं काम करून नवं तंत्र आत्मसात करणं. त्यामुळे कुणाकडे जायचं, हे महत्त्वाचं. कमलताई गेल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, जॉर्ज गाय यांच्याकडे. १९५१ साली ‘हेला’ या मानवी कॅन्सरपेशी शरीराबाहेर कायम वाढत्या ठेवून दाखवल्या, ते हेच गाय.

शरीरातल्या जिवंत पेशी काढून काचेच्या नळीत वाढवायच्या, याला टिश्यू कल्चर म्हणतात. सगळं निर्जंतुक हवं, तापमान शरीराइतकं हवं. पेशींचं खाद्यही तेव्हा विकत मिळत नसे. गाय यांच्याकडे कोंबडीचा प्लाझ्मा, नाळेतलं रक्त असं जमवून ते घरच्या घरी तयार व्हायचं. हे पुस्तक वाचून जमत नाही, शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

कमलताई हे शिकल्या आणि परत आल्या. मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. उंदरांवर प्रयोग करून स्तनाच्या कॅन्सरमागे आनुवंशिकता, हार्मोन्स आणि विषाणू यांचं नातं काय, ते त्या शोधत राहिल्या. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या प्रभारी संचालकही होत्या. परदेशात शिकणाऱ्यांनी परत यावं म्हणून त्या मागे लागत. स्वतः आल्या होत्या, त्यामुळे तो हक्क त्यांना होता.

१९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्या होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करायला गेल्या. ११ एप्रिल २००१ ला त्यांचं निधन झालं.