गानतपस्वी अल्लादिया खाँ : भंगलेल्या आवाजातून उभी राहिलेली गायकी

गोमंतकातील केरी व कुर्डी या गावांची नावे ज्यांच्यामुळे संगीताच्या जगात सर्वतोमुखी झाली, त्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांचे गुरू कोण, हे आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांस ठाऊक असेलच. परंतु त्या गुरूंनी आपली गायकी कोणत्या आपत्तीतून घडविली, हे तरुण मंडळींस क्वचितच माहीत असते. म्हणून उस्ताद अल्लादिया खाँ यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहो.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उनियारा येथे झाला. घराणे मूळचे अत्रौलीचे. आपले पूर्वज शांडिल्य गोत्री गौड ब्राह्मण होते, असे या घराण्यात परंपरेने सांगितले जाई. वडिलांचे छत्र लवकर हरपल्यामुळे चुलते जहांगीर खाँ यांनी त्यांस तालीम दिली. आधी धृपद-धमाराची, मागाहून ख्यालाची. जयपुरास मुबारक अली खाँ यांच्या पेचदार ताना त्यांच्या कानी पडल्या व मनात कायमच्या ठसल्या.

आवाज गोड, तयारी उत्तम, संस्थानिकांकडून मानसन्मान. असे सारे अनुकूल असता मध्य भारतातील आमलेटा येथे घात झाला. तेथील अधिपतीस त्यांच्या गाण्याचे वेड लागले. आग्रहामागून आग्रह होत गेला आणि अति गायनाने गळा बसला. ज्याचे सर्वस्व कंठात, त्याचा कंठच गेला! त्या वेळी त्यांचे वय तिशीच्या सुमारास होते. पुढे दीर्घकाळ कष्ट केल्यावर आवाज परत आला खरा. परंतु तो पूर्वीचा नव्हता. माधुर्य व नाजूकपणा लोपून त्यास जाडपणा आला होता.

दुसरा कोणी गाणे सोडून बसता, किंवा गेलेल्या आवाजाची नक्कल करीत राहता. खाँसाहेबांनी दोन्ही मार्ग वर्ज्य केले. हा गळा काय करू शकतो, हेच त्यांनी शोधिले. धृपदाच्या तालमीने दिलेला भारदस्तपणा, मुबारक अलींच्या तानांचे पेच आणि स्वतःची तीक्ष्ण बुद्धी यांचा त्यांनी मेळ घातला. खुला आकार, तालाच्या मात्रामात्रेशी गुंतलेली वक्र तान, दमसास न सोडता समेवर येणारी अखंड आवर्तने आणि बसंती केदार, खोकर, संपूर्ण मालकंस यांसारखे अनवट व जोड राग, ही या गायकीची लक्षणे होत. तीच पुढे जयपूर-अत्रौली घराणे म्हणून मान्यता पावली.

१८९५ च्या सुमारास छत्रपती शाहू महाराजांनी त्यांस कोल्हापूर दरबारी आश्रय दिला. भास्करबुवा बखले यांनीही त्यांच्यापाशी विद्या घेतली. १९२२ साली महाराज निवर्तल्यावर खाँसाहेब मुंबईस राहिले. १९३७ साली त्यांचे कर्तबगार पुत्र मंजी खाँ वारले. हाही आघात त्यांनी सोसला. धाकटे पुत्र भूर्जी खाँ यांनी वडिलांची विद्या जतन केली व धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूर यांस दिली. १६ मार्च १९४६ रोजी खाँसाहेबांनी मुंबईस देह ठेविला.

आम्हांस विशेष वाटते ते असे की, त्यांचे शिष्य एकमेकांसारखे गात नसत. केसरबाईंचा भरदार, घुमणारा सूर निराळा आणि मोगूबाईंची लयीवरील हुकमत निराळी. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी तर आणखी वेगळी वाट काढिली. गुरूंनी आपल्या गळ्याशी प्रामाणिक राहून शैली घडविली. शिष्यांनीही तेच केले.

आमच्या सदस्य कुटुंबांतील कित्येक मुले-मुली गायन-वादन शिकत आहेत. एखाद्याचा आवाज जाड, एखाद्याचा हात मंद. म्हणून घरची माणसे खंतावतात. त्यांनी हे चरित्र मुलांस अवश्य वाचून दाखवावे. देवाने जे दिले व दैवाने जे शिल्लक ठेविले, त्यातूनच कलावंताचे स्वतःचे असे काही घडते. त्यासाठी कष्ट मात्र अपार लागतात.