दोन संप्रेरके, एक घराणे

रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेणारे आणि संधिवातासाठी स्टेरॉइड घेणारे, दोघेही एडवर्ड केंडॉल या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाचे ऋणी आहेत.

केंडॉल यांचा जन्म 8 मार्च 1886 रोजी कनेटिकट राज्यात झाला. 1914 मध्ये ते मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये रुजू झाले आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी त्यांनी थायरॉइडचे संप्रेरक स्फटिकरूपात वेगळे केले. पुढे डुकरांच्या सुमारे 3 टन ग्रंथींतून त्यांच्या हाती जेमतेम 33 ग्रॅम थायरॉक्सिन लागले. त्यांनी सांगितलेली त्याची रचना मात्र चुकीची ठरली. ती चूक 1926 मध्ये ब्रिटनच्या चार्ल्स हॅरिंग्टन यांनी दुरुस्त केली.

केंडॉल खचले नाहीत. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडे ते वळले आणि त्यातून कॉर्टिझोन मिळाले. सप्टेंबर 1948 मध्ये त्यांचे सहकारी डॉ. फिलिप हेंच यांनी ते संधिवाताने जखडलेल्या एका महिलेला दिले. काही दिवसांतच ती चालू लागली. 1950 चे नोबेल केंडॉल, हेंच आणि तादेउश राइखश्टाइन यांना विभागून मिळाले.

पण लवकरच दुष्परिणामही दिसू लागले. चेहरा सुजे, रक्तातील साखर वाढे, हाडे ठिसूळ होत. एकाच औषधाचे शरीरभर इतके परिणाम कसे?

याचे उत्तर 1972 मध्ये केंडॉल गेल्यानंतर स्पष्ट झाले. 1985 आणि 1986 मध्ये या दोन्ही संप्रेरकांना पकडणाऱ्या ग्राही प्रथिनांची जनुके सापडली. संप्रेरकांच्या रचनेत काहीच साम्य नाही, पण त्यांचे ग्राही एकाच घराण्यातले निघाले. माणसात या घराण्याचे 48 सदस्य आहेत. संप्रेरक चिकटले की ग्राही पेशीकेंद्रकातील डीएनएवर ठरावीक जनुकांचे काम वाढवतो किंवा थांबवतो. यकृतात साखर बनवणारी जनुके जागी होतात, तर रोगप्रतिकारक पेशींत सूज आणणारी गप्प बसतात. कॉर्टिझोनचे शरीरात कॉर्टिसॉल होते आणि त्याचा ग्राही जवळपास प्रत्येक पेशीत असतो. म्हणूनच गुण आणि दुष्परिणाम एकाच वाटेने येतात.

बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपले काम मंदावतात. त्यामुळे बरेच दिवस घेतलेली स्टेरॉइडची गोळी मनाने अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी.